जर्नलचं नाव बदललं की मागचे अंक कुठे जातात?

खारेपाटणला सापडलेला रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ आपल्याला मुख्यतः त्यावरूनच कळते. त्याचं पहिलं वाचन बाळशास्त्री जांभेकरांनी छापलं, म्हणजे शेजारच्याच पोंभुर्ल्याच्या माणसाने. संदर्भ असा: ‘जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी’, खंड १, पान २०९. आज कणकवलीच्या एखाद्या विद्यार्थ्याने हा संदर्भ घेऊन शोध सुरू केला, तर त्या नावाची संस्थाही नाही आणि जर्नलही नाही.

जर्नल बंद पडलेलं नाही, त्याची नावं बदलत गेली. १८०४ मध्ये मुंबईत लिटररी सोसायटी निघाली. तिची ‘ट्रान्झॅक्शन्स’ १८१९ पासून छापली गेली. पुढे ती रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि १८४१ पासून वरच्या लांबलचक नावाचं जर्नल निघू लागलं. १९२५ मध्ये नवी मालिका सुरू झाली आणि खंडांचे आकडे पुन्हा १ पासून लागले. १९५५ पासून ते ‘जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ झालं, नवं शतक उजाडल्यावर ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ झालं. म्हणजे ‘खंड १’ दोन आहेत. वर्ष न पाहता दुसरा उघडला तर पान २०९ वर ताम्रपट मिळणार नाही, आणि विद्यार्थ्याला वाटेल की संदर्भच चुकीचा आहे.

हा गुंता ग्रंथालयांना फार जुना आहे. १८४१ सालीच ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथपाल पानित्झी यांनी तालिकेचे, म्हणजे कॅटलॉगचे, नियम छापले. त्यात सगळी नियतकालिकं एकाच मोठ्या शीर्षकाखाली, प्रकाशनस्थळानुसार लावली होती. १९०८ मध्ये इंग्रज आणि अमेरिकन ग्रंथपालांनी एकत्र नियम केले, पण नेमकं या मुद्द्यावर त्यांचं जमलं नाही. अमेरिकनांचं म्हणणं, नोंद सर्वांत नव्या नावाखाली करा. इंग्रजांचं म्हणणं, सर्वांत जुन्या. नव्या नावाची पद्धत वाचकाला सोयीची वाटते खरी, पण प्रत्येक बदलासोबत जुनी कार्डं काढून पुन्हा लिहावी लागतात, आणि कपाटातल्या बांधीव खंडाच्या पाठीवर तर जुनंच नाव असतं. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३४ च्या ‘क्लासिफाइड कॅटलॉग कोड’मध्ये नियतकालिकांच्या अशा गुंतागुंतीचा स्वतंत्र आणि बारकाईने विचार केला. १९६७ च्या अँग्लो-अमेरिकन नियमांनी अखेर प्रत्येक नावाची वेगळी नोंद करून मागची-पुढची जोडायची पद्धत घेतली. ‘मार्क’ या संगणकीय तालिकेच्या नोंदीत आजही ७८० क्रमांकाच्या रकान्यात आधीचं नाव असतं आणि ७८५ मध्ये नंतरचं. माझ्या मते हाच निर्णय योग्य होता, कारण छापलेल्या अंकाशी तो प्रामाणिक राहतो.

१९७५ मध्ये आयएसएसएनचं, म्हणजे प्रत्येक नियतकालिकाला द्यायच्या ओळख क्रमांकाचं, आंतरराष्ट्रीय मानक आलं. आठ अंकी क्रमांक, आणि शेवटचा अंक तपासणीचा. नावात मोठा बदल झाला की क्रमांक नवा घ्यायचा, किरकोळ बदल असेल तर जुनाच ठेवायचा. पण मोठा बदल कशाला म्हणायचं, यावर नियमावल्यांमध्ये बरीच वर्षं एकवाक्यता नव्हती. २००२ च्या सुमारास त्या जुळवून घेतल्या गेल्या: साधारणपणे पहिल्या पाच शब्दांत फरक पडला तर तो मोठा बदल, काही अपवाद सोडून.

रत्नागिरीसारख्या मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या गावात सागरविज्ञानाच्या अभ्यासकाला हे फार जवळून भिडतं. ‘डीप-सी रिसर्च’ १९५३ ला निघालं. १९६२ मध्ये नावाला ‘अँड ओशनोग्राफिक ॲब्स्ट्रॅक्ट्स’ जोडलं, १९७७ मध्ये काढलं, १९७९ मध्ये भाग ‘ए’ आणि ‘बी’ झाले, १९९३ पासून भाग एक आणि दोन. आपलं ‘इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेस’ १९७२ चं. २०१० च्या सुमारास ते ‘जिओ-मरीन सायन्सेस’ झालं. आता ज्याला १९७५ चा लेख हवा आहे तो जुन्या नावानेच शोधणार, कारण संदर्भसूचीत तेच छापलेलं आहे.

छापील काळात निदान बांधीव खंड जागेवर राहायचा. ऑनलाइन मात्र प्रकाशक एका रात्रीत सगळी वर्षं नव्या नावाखाली आणि नव्या क्रमांकाखाली सरकवू शकतात. तसं झालं की जुन्या आयएसएसएनवरून जाणारे दुवे तुटतात, आणि वर्गणी भरलेली असूनही लेख हाती येत नाही. मोठ्या विद्यापीठाकडे हे निस्तरायला माणसं असतात. तालुक्याच्या कॉलेजात देवघेव, वर्गणी आणि तालिका एकाच ग्रंथपालाकडे असते, म्हणून भार तिथे जास्त पडतो. यावर माहितीसेवांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या निसो संस्थेने २०१३ मध्ये ‘पाय-जे’ या शिफारशी काढल्या. लेख ज्या नावाखाली छापला त्याच नावाखाली आणि त्याच क्रमांकासह दाखवा, आणि नावांचा सगळा इतिहास तिथेच द्या, असं त्या सांगतात. जर्नल एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हाची गळती थांबवायला ब्रिटनमधल्या यूकेएसजी या ग्रंथपाल-प्रकाशकांच्या संघटनेने २००६ मध्ये ‘ट्रान्सफर’ हे काम हाती घेतलं होतं.

भारतातलं आयएसएसएन केंद्र १९८६ पासून दिल्लीत आहे. आधी इन्सडॉक, मग निस्केअर, आणि २०२१ पासून निस्पर या संस्थेत. म्हणजे केंद्र सांभाळणाऱ्या संस्थेचंही नाव बदलत आलं. आपल्या कॉलेजांची, मंडळांची छोटी जर्नलं नाव बदलताना या केंद्राला कळवतातच असं नाही. जुन्याच क्रमांकावर नवं नाव छापून मोकळी होतात. पुढे पदोन्नतीच्या वेळी प्राध्यापकाच्या लेखावरचं जर्नलचं नाव आणि आयएसएसएनच्या नोंदीतलं नाव जुळत नाही, आणि धावपळ त्याच्या वाट्याला येते. नाव बदलायचंच असेल तर ते वर्षाच्या पहिल्या अंकापासून बदलावं, नवा क्रमांक आधीच मागून घ्यावा, आणि पुढची काही वर्षं मुखपृष्ठाच्या आत ‘पूर्वीचे नाव’ ही ओळ जुन्या आयएसएसएनसह छापावी.