डायल-अप मोडेम : वेगाचे एकक-रूपांतर

साध्या टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या मोडेमचा वेग बिट प्रतिसेकंद (बीपीएस) या एककात सांगतात, फाइल मात्र बाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये ८ बिट, त्यामुळे मूळ नियम ८ ने भागण्याचा : ५६ केबीपीएस म्हणजे ५६,००० बिट, अर्थात ७,००० बाइट प्रतिसेकंद. येथे ‘किलो’ म्हणजे निखळ १,०००. मेमरीच्या हिशेबातला १,०२४ चा किलोबाइट धरल्यास तोच वेग सुमारे ६.८४ किलोबाइट प्रतिसेकंद भरतो. १,०२४ साठी ‘किबी’ हा स्वतंत्र उपसर्ग १९९८ मध्ये ठरवण्यात आला, पण व्यवहारात तो फारसा रुजला नाही.

जुन्या मोडेमच्या बाबतीत जास्त घोळ घातला तो बॉड या एककाने. फ्रेंच तारायंत्र-अभियंता एमिल बोदो (१८४५–१९०३) याच्या नावाचे हे एकक १९२० च्या दशकात मान्य झाले असावे. तारेवरील संकेत एका सेकंदात किती वेळा बदलतो, एवढेच ते सांगते. व्ही.२१ (‘व्ही.’ ही मोडेमच्या आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका) मोडेममध्ये एका बदलात एकच बिट जाई, म्हणून ३०० बॉड आणि ३०० बीपीएस एकच. व्ही.२२ बिसमध्ये ६०० बॉडवर प्रत्येकी ४ बिट बसवून २,४०० बीपीएस, तर व्ही.३२ बिसमध्ये २,४०० बॉडवर ६ बिट बसवून १४,४०० बीपीएस मिळत. ‘१४,४०० बॉडचा मोडेम’ हा बाजारातला प्रयोग त्यामुळे चुकीचाच म्हणावा लागतो.

भाजक नेहमी ८ च असतो असेही नाही. जुन्या जोडणीत प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे एकेक बिट जोडला जाई, म्हणजे अक्षरामागे १० बिट. २,४०० बीपीएसवर २४० अक्षरे. व्ही.४२ ची दोषदुरुस्ती चालू असली की हे जादा बिट तारेवरून जात नाहीत.

५६ हा आकडा कोठून आला याबद्दल दोन स्पष्टीकरणे दिली जातात. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते, प्रत्येकी ८ बिटांचे. म्हणजे एका वाहिनीला ६४ केबीपीएस. अमेरिकी पद्धतीत संकेतनासाठी (फोन लावणे-तोडणे यांच्या सूचनांसाठी) अधूनमधून एक बिट काढून घेतला जातो, म्हणून ७ × ८,००० = ५६,००० असे पहिले मत. परंतु भारतात वापरल्या जाणाऱ्या ३० वाहिन्यांच्या ई-१ पद्धतीत संकेतनाला स्वतंत्र वाहिनी असते, तरीही येथे मर्यादा ५६ चीच राहिली. ८ बिटांच्या नमुन्यात संकेताच्या २५६ पातळ्या असतात. त्यांतल्या शून्याजवळच्या, एकमेकींना खेटलेल्या पातळ्या घरापर्यंतच्या तांब्याच्या तारेवर वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून २५६ पैकी निम्म्याच, म्हणजे ७ बिटांपुरत्या, वापरता येतात, हे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

१९९८ च्या व्ही.९० मानकात वेगाच्या पायऱ्या ८,००० भागिले ६, म्हणजे १,३३३⅓ बिटांच्या आहेत. जोडणी लागल्यावर पडद्यावर ४५,३३३ किंवा ४६,६६७ असे विचित्र आकडे येत ते यामुळेच. कधी १,१५,२०० दिसे. तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या पोर्टचा वेग, तारेचा नव्हे, आणि रूपांतराला निरुपयोगी. फाइल पाठवण्याचा वेग व्ही.९० मध्येही ३३.६ केबीपीएस, म्हणजे ४,२०० बाइटच होता.

मुंबईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतून अर्नेटचे (शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याचे) परदेशाशी दळणवळण चाले. ती जोडणी ९,६०० बीपीएसची, म्हणजे १,२०० बाइटची होती. व्हीएसएनएल (विदेश संचार निगम) या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट दिले, घरापर्यंतची तार मात्र एमटीएनएल या मुंबईच्या टेलिफोन कंपनीची. व्ही.९० चा पूर्ण लाभ होण्यासाठी अॅनालॉग-डिजिटल रूपांतर वाटेत एकदाच व्हावे लागते. कचेरीचा ईपीएबीएक्स (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) मध्ये आला की मोडेम बहुधा ३३.६ च्या खाली उतरे. पावसाळ्यात केबलच्या जोडात ओल शिरली, की फोनवर खरखर सुरू आणि वेग आणखी खाली. ४४,००० बीपीएसवर, म्हणजे ५,५०० बाइटने, एक पूर्ण फ्लॉपी (१४,७४,५६० बाइट) उतरवायला हिशेबाने साडेचार मिनिटे लागतात. फ्लॉपीचा ‘१.४४ मेगाबाइट’ हा आकडाही १,००० आणि १,०२४ यांच्या गुणाकाराचा, धेडगुजरीच.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस, म्हणजे ३२,००० बाइट प्रतिसेकंद ठरवला.