तुरीचे दहा, हरभऱ्याचे अठरा

२०२५च्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या लागलेल्या, आणि आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावात पाराजवळ पाच-सहा पोरं एकाच मोबाईलवर डोकी घालून बसलेली. फुटबॉलच्या हंगामातला, इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा शेवटचा आठवडा होता. लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन हे तीन संघ त्याच वर्षी खालच्या लीगमधून वर आले होते आणि तिन्ही परत खाली चालले होते. दहावीतल्या एका पोराने मला थांबवून विचारलं, "सर, खालच्या लीगमधी तं हेच सगळ्याईले हरवत होते. मंग वर गेल्यावर काहून हारते?"

प्रश्न खरोखर चांगला होता. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे तो तसाच सोडून देणं मला जमेना.

नियम साधा आहे. वरच्या लीगमध्ये वीस संघ. हंगामाच्या शेवटी तळाचे तीन खाली जातात, खालून तीन वर येतात. २०२३-२४ मध्ये वर आलेले लूटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड हे तिघेही एका वर्षात परतले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडलं. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून त्याआधी असं फक्त एकदा, १९९७-९८ मध्ये झालं होतं. उलट २०११-१२, २०१७-१८ आणि २०२२-२३ या हंगामांत वर आलेले तिन्ही संघ टिकले. म्हणजे वर आलेला संघ बुडतोच, असं काही ठरलेलं नाही. पण बर्नलीचं पाहा. खालच्या लीगमध्ये ४६ सामन्यांत १०१ गुण, आणि पुढच्याच वर्षी वर ३८ सामन्यांत फक्त २४. खेळाडू काय एका उन्हाळ्यात खेळ विसरले?

त्या पोराला मी घरी बोलावलं. ओसरीवर गोणपाट अंथरलं आणि त्यावर खडूने दहा चौकटी आखल्या. एक चौकट म्हणजे एक सामना. त्याच्या हातात तुरीचे दहा दाणे दिले आणि सांगितलं, डोळे मिटून एकेक टाक. बाहेर पडला तर पुन्हा टाक. हे आपल्या संघाचे गोल, सरासरी सामन्याला एक. मग हरभऱ्याचे अठरा दाणे तसेच टाकायला लावले. ते समोरच्यांचे गोल, सरासरी १.८. नंतर चौकटी मोजल्या. जिथे तूर जास्त ती आपली जीत, सारखे दाणे तिथे बरोबरी, हरभरा जास्त तिथे हार.

पहिल्या फेरीत तीन जिती, एक बरोबरी, सहा हारी. एका चौकटीत तुरीचे तीन दाणे आणि हरभऱ्याचा एकही नाही. पोरगं हरखलं, "थे पाहा सर, तीन-शून्य!" लगेच शेजारच्या चौकटीकडे बोट गेलं. तिथे हरभऱ्याचे पाच होते.

सरासरी ठरलेली असली तरी एकेका चौकटीत किती दाणे पडतील याचं जे गणित आहे, ते सिमेओं प्वासाँ या फ्रेंच गणितीने १८३७ साली मांडलं. पुढे १८९८ मध्ये बोर्तकिएविच नावाच्या अभ्यासकाने प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून दरवर्षी किती शिपाई मरतात ते मोजलं, आणि ते आकडे याच गणितात चपखल बसले. फुटबॉलचे गोलही साधारण याच रीतीने पडतात, कारण गोल ही दुर्मिळ घटना आहे. नव्वद मिनिटांत दोन्ही बाजूंचे मिळून जेमतेम अडीच-तीन.

आता हिशेब करू. १ विरुद्ध १.८ असा संघ शंभरातले सुमारे २१ सामने जिंकेल, २३ बरोबरीत सोडवेल आणि ५६ हरेल. जितीला तीन गुण, बरोबरीला एक. ३८ सामन्यांचे होतात साधारण ३२ गुण, आणि बहुतेक वर्षी तेवढ्यावर संघ वाचत नाही. मग मी दाणे बदलले. तुरीचे बारा, हरभऱ्याचे पंधरा. म्हणजे दहा सामन्यांत दोन गोल जास्त मारायचे आणि तीन कमी खायचे, एवढाच फरक. या संघाचे गुण निघतात ४४. तो आरामात टिकतो.

दोन तूर आणि तीन हरभरे. टिकणं आणि बुडणं यांच्यात एवढंच अंतर आहे. एका सामन्यात ते डोळ्यांना दिसत नाही, पण ३८ सामन्यांत साचत जातं. म्हणून नव्या संघाने सप्टेंबरात एखाद्या बड्या संघाला हरवलं की मी फार विश्वास ठेवत नाही. दहाबारा सामन्यांनंतर किती गोल मारले आणि किती खाल्ले, ते बघतो.

पण खाली शेर असलेला संघ वर जाताच या उतारावर येतो कसा? पहिलं कारण उघड आहे, समोरचे तगडे. दुसरं कारण आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. यंदा गावात ज्या वावरात एकरी सगळ्यात जास्त कापूस झाला, तेच वावर पुढच्या वर्षीही पहिलं येईल का? क्वचितच. जमीन चांगली असतेच, पण पहिला नंबर येण्यात वेळेवर पडलेल्या पावसाचा आणि न आलेल्या बोंडअळीचाही वाटा असतो. पुढच्या वर्षी जमीन तीच राहते, नशीब तेच राहत नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलं यांच्या उंचीवरून हीच गोष्ट दाखवली होती. तिला सरासरीकडे परतणं म्हणतात. जो संघ वर येतो, तो त्याच्या सर्वांत चांगल्या वर्षात निवडला जातो.

पहिल्या वर्षी वरच्या लीगमध्ये चमकलेले संघ दुसऱ्या वर्षी कोसळतात, त्यातही याचा हात असतो. इप्सविच २००१ मध्ये थेट पाचवा आला आणि पुढच्या वर्षी खाली गेला. शेफील्ड युनायटेड २०१९-२० मध्ये नववा, त्यानंतर तळाला, अवघ्या २३ गुणांवर.

तिसरं कारण खेळण्याच्या पद्धतीचं. खाली बहुतेक वेळ चेंडू आपल्याकडेच असतो, त्यामुळे बचावफळीतून छोटे पास देत चढायची सवय लागते. वर तोच पास अडवणारे लोक दुप्पट वेगाने अंगावर येतात, आणि चूक झाली की थेट गोल. साउथॅम्प्टनने तो हट्ट बराच काळ धरला. ३८ सामन्यांत ८६ गोल खाल्ले, गुण १२. पैशाची दरीही मोठी आहे. जे संघ वर्षानुवर्षं वर आहेत, त्यांच्याकडे टीव्हीच्या हक्कांचे पैसे साचत गेलेत. २०२४-२५ मध्ये सतराव्या टॉटनहॅमचे ३८ गुण होते आणि अठराव्या लेस्टरचे २५. मधे तेरा गुणांची खिंड.

तरीही नशीब आणि तयारी जुळली की चमत्कार होतो. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये वर आला आणि १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला. जर्मनीत कैसरस्लाउटर्नने १९९८ मध्ये तेच केलं.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. मिझोरामचा ऐझॉल हा क्लब २०१५-१६ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये चढला आणि पहिल्याच हंगामात खाली गेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली, आणि २०१७ मध्ये प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाताखाली तोच संघ विजेता ठरला. पुढे देशातली वरची लीग ठरलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये, आय-लीग जिंकून वर आलेला पंजाब पहिल्या वर्षी आठवा आला, तर त्याच्या पुढच्या वर्षी वर आलेला मोहम्मेडन तळाला राहिला. पण तेव्हा या लीगमध्ये खाली जाणं नव्हतं, त्यामुळे मोहम्मेडनची जागा शाबूत राहिली. भारतात निदान आणखी काही वर्षं नव्या क्लबाला असा दुसरा हंगाम मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. एका हंगामात नशीब आणि कुवत वेगळी करता येत नाही, तेवढे सामनेच नसतात.

त्या पोराने संध्याकाळपर्यंत गोणपाटावर चार फेऱ्या टाकल्या आणि प्रत्येक फेरीचे गुण वहीत मांडले. बेरीज पस्तीस आली. अंधार पडल्यावर त्याने दाणे गोळा केले, तुरीतून दोन बाजूला काढून खिशात ठेवले आणि म्हणाला, "उद्या आठवर पाहतो सर, कुठलोक जाते ते."