शेवटची पंगत का विस्कटते?

बेळगावच्या शहापुरात माझ्या मावसभावाचं मिठाईचं दुकान आहे. दुकानाच्या वेबसाइटवर दहा पदार्थ मांडायचे होते: कुंदा, मांडे, गोकाकचा करदंट, चिवडा वगैरे. चार-चारच्या दोन ओळी झकास बसल्या. तिसरीत उरले दोन, तर एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मधे पांढरं मैदान. "चिवड्याचं आणि करदंटाचं भांडण झालंय काय रे?" भाऊ म्हणाला.

मांडणी फ्लेक्सबॉक्सची होती, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधली ओळीत मांडण्याची पद्धत; एकेका पदार्थाचा चौकोन म्हणजे कार्ड. त्यात 'रॅप' लावलं की जागा संपल्यावर कार्ड खालच्या ओळीत उतरतं. पण प्रत्येक ओळ स्वतःपुरतंच बघते; वरच्या ओळीत कोण कुठं बसलंय, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. चौकट १००० पिक्सेलची, कार्ड २२० चं. चार कार्डांचे ८८० गेले, उरले १२०. 'स्पेस-बिट्वीन' ते तीन फटींत वाटतं, ४०-४०. तिसऱ्या ओळीत मात्र उरतात ५६० आणि फट एकच! सगळे तिलाच. 'फ्लेक्स-ग्रो' १ केलं तर उरलेली जागा कार्डंच खातात: वर २५० ची चार, खाली ५०० ची दोन. म्हणजे करदंट कुंद्याच्या दुप्पट. पूर्वी आम्ही शेवटी न दिसणारी रिकामी कार्डं घालून वेळ मारून न्यायचो.

लग्नात येतील त्या पाहुण्यांना सरकवत बसवणं म्हणजे फ्लेक्सबॉक्स. ग्रिड ही सीएसएसचीच दुसरी पद्धत: तिच्यात आधी पत्रावळी, म्हणजे स्तंभ, मांडतात, मग माणसं बसतात. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत ग्रिड आलं, तेव्हापासून अशा कामाला मी तेच वापरतो. स्तंभांसाठी 'रिपीट'मध्ये 'ऑटो-फिल' (मावतील तेवढे स्तंभ) आणि 'मिनमॅक्स' (रुंदीची मर्यादा) द्यायचं: किमान २२० पिक्सेल, कमाल १ एफआर, म्हणजे मोकळ्या जागेचा एक समान वाटा. 'गॅप', म्हणजे मधली फट, २० ठेवला की २३५ चे चार स्तंभ पडतात आणि शेवटचे दोघे पहिल्या दोन पत्रावळींवर मुकाट बसतात. 'ऑटो-फिट' लिहू नका. एकूण पदार्थच दोन असले, तर तो रिकाम्या पत्रावळी उचलतो आणि ते दोघे फुगतात.

राहिली उंची. नावं मराठी आणि कन्नड दोन्हींत, त्यामुळे एखादं नाव दोन ओळींत जातं. त्याच्या ओळीतली बाकीची कार्डं आपसूक तेवढीच ताणली जातात, कारण 'अलाइन-आयटम्स' मुळातच 'स्ट्रेच'सारखं वागतं. पण किमती वरखाली दिसत होत्या. इथं फ्लेक्सबॉक्सच कामाला आलं: प्रत्येक कार्डाच्या आत उभा फ्लेक्स केला, किमतीचा वरचा मार्जिन, म्हणजे वरची मोकळी जागा, 'ऑटो' ठेवला, आणि सगळ्या किमती तळाला एका रेषेत आल्या.

"आता अकरावा पदार्थ घालू काय?" भावानं विचारलं.

घाल की, तिसरी पत्रावळ रिकामीच आहे.