चिंधीची बाहुली आणि मुलाचं मन: घरगुती खेळण्यांची पार्श्वभूमी

इजिप्तमधल्या रोमन काळातली एक कापडी बाहुली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जवसाच्या सुताच्या जाड्याभरड्या कापडाची, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे कोंबलेली, किमान पंधराशे वर्षं जुनी. ती टिकली ती तिथल्या कोरड्या हवेमुळे. आपल्या पावसाळी प्रदेशात कापडाची बाहुली इतकी तग धरत नाही, त्यामुळे तिचा माग ग्रंथांतून काढावा लागतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सूत, लाकूड, शिंग, हस्तिदंत, मेण, पीठ आणि माती यांच्या बाहुल्यांची यादी येते. त्यातलं सूत, पीठ आणि माती कुठल्याही घरात असायचीच.

महाराष्ट्रात लाकडाची ठकी बाजारातून यायची आणि चिंधीची बाहुली घरात व्हायची. जुन्या लुगड्याचा मऊ पडलेला तुकडा घ्यायचा, मधोमध चिंध्यांचा गोळा ठेवून गळ्याशी दोरा आवळायचा, उरलेलं कापड खाली सोडायचं. मानेखाली आडवी सुरळी बांधली की हात झाले, काजळाने डोळे काढले की बाहुली तयार. अशाच बाहुल्यांची लग्नं लागत. मांडव, मुंडावळ्या, वरात, रुसलेली विहीण आणि शेवटी पाठवणी. १९२९च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ केलं. त्याआधीच्या काळात आठ-दहा वर्षांच्या कितीतरी मुलींना लवकरच माहेर सोडायचं असे. जे आपल्या वाट्याला येणार ते आधी बाहुलीच्या वाट्याला येऊ द्यायचं, तिला रडू द्यायचं, मग तिची समजूत काढायची, हे काम त्या खेळात होत असणार. बाहुलीला सांभाळता सांभाळता मूल स्वतःला सांभाळायला शिकतं. घरी केलेल्या खेळण्यांच्या पुढच्या इतिहासातही हेच पुन्हापुन्हा दिसतं.

युरोपात याची पद्धतशीर मांडणी फ्रीडरिश फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञापासून सुरू झाली. १८३७ साली त्याने जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गमध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली, तिच्यातूनच किंडरगार्टन उभं राहिलं. त्याच्या खेळसाहित्यातला पहिला संच म्हणजे सहा रंगांचे लोकरीचे चेंडू, दोरी लावलेले. आईने चेंडू दाखवायचा, झाकायचा, पुन्हा दाखवायचा. आपल्याकडे तोंडावर पदर घेऊन 'बुवा... कूक' करतात, त्याच जातीचा हा खेळ. १९२०मध्ये सिग्मंड फ्रॉइडने आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ नोंदवला. दोरी बांधलेलं लाकडी रीळ तो पलंगाच्या पडद्याआड टाकायचा, 'गेलं' अशा अर्थाचा आवाज काढायचा, मग ओढून परत आणायचा. आईचं जाणं त्याच्या हातात नव्हतं, पण रिळाचं जाणं-येणं होतं.

फ्रोबेलसारखा चेंडू घरी करायला २५ ते ३० ग्रॅम लोकर पुरते. जुन्या मोज्याचा सुमारे ४ सेंटिमीटरचा घट्ट गोळा करून त्यावर दर दहा-बारा वेढ्यांनी दिशा बदलत लोकर गुंडाळायची. एकाच दिशेने गुंडाळली तर चेंडू अंड्याच्या आकाराचा होतो आणि सरळ घरंगळत नाही. शेवटी जाड सुईने आरपार वीसेक टाके घालायचे. ते घातले नाहीत तर चेंडू उलगडतो आणि सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो. तयार चेंडू ६ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, दोरी २० सेंटिमीटरपेक्षा लांब नको, आणि खेळ संपला की दोरी मोठ्यांनी काढून ठेवायची.

घरगुती बाहुलीच्या इतिहासात सगळ्यांत बोलकी गोष्ट केटे क्रुझ हिची. १९०५ साली तिच्या मुलीला बाहुली हवी होती. नवरा माक्स क्रुझ शिल्पकार. दुकानातल्या बाहुल्या त्याला पसंत पडेनात, तेव्हा तूच कर, असं त्याने तिला कळवलं. तिने टॉवेलात वाळू भरली, कोपऱ्यांना गाठी मारून हातपाय केले, डोक्याच्या जागी बटाटा बसवला आणि जळक्या काडीने नाकडोळे काढले. १९१०मध्ये बर्लिनच्या टीट्झ या मोठ्या दुकानात स्वतःच्या हाताने केलेल्या खेळण्यांचं प्रदर्शन भरलं. त्यात तिच्या बाहुल्या मांडल्या गेल्या आणि मागणी इतकी वाढली की घरातल्या कामाचा कारखाना झाला. ती पहिली बाहुली टिकण्यासारखी नव्हतीच. पण चिनी मातीच्या बाहुलीत नसलेलं काहीतरी तिच्यात होतं: कुशीत घेतल्यावर ती अंगावर रेलायची आणि जड लागायची. चार वर्षांपुढच्या मुलासाठी असं वजन घरीही आणता येतं. धुऊन वाळवलेली जाड रेती १०० ते १५० ग्रॅम, दुहेरी कापडाच्या बंद पिशवीत, बाहुलीच्या बुडाशी. बारीक वाळू शिवणीतून झिरपते. तांदूळ किंवा ज्वारी भरली तर पावसाळ्यात किडे होतात आणि बाहुली धुता येत नाही.

मारिया माँटेसरींचा बाहुल्यांवर फारसा भर नव्हता. रोममधल्या १९०७च्या बालशाळेत चांगली खेळणी असूनही मुलांनी ती निवडली नाहीत, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांचे विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरात रुजवले. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि बालवाडी खेड्यापाड्यांत पोचली. तिथे महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पानं, शिंपले, माती अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून साधनं घडली. घरगुती खेळण्यांना महाराष्ट्रात शैक्षणिक प्रतिष्ठा मिळाली ती या कामामुळे. बाहुलीच्या प्रश्नावर मात्र माँटेसरींशी सहमत होणं कठीण आहे. काम करायला आसुसलेलं मूल खेळणं बाजूला ठेवतं हे खरं, पण घाबरलेलं किंवा आईपासून तुटलेलं मूल माँटेसरींच्या ठोकळ्यांसारख्या साधनांकडे जात नाही.

हे कळलं ते दवाखान्यांत. मनोविश्लेषक मेलानी क्लाइनने १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये मुलांवरच्या उपचारात छोटी खेळणी आणली. तिचा आग्रह होता की माणसांच्या बाहुल्या साध्या असाव्यात आणि त्यांच्यावरून कोणाचा व्यवसाय ओळखू येऊ नये. मार्गारेट लोवेनफेल्डने १९२८ साली लंडनमध्ये बालकांसाठी दवाखाना काढला. तिथल्या पेटीतल्या किरकोळ वस्तू आणि खेळणी मुलं वाळूच्या ट्रेमध्ये मांडत आणि त्या मांडणीला आपलं 'जग' म्हणत. घरी भातुकलीसाठी माणसं करायची तर हीच दिशा धरावी: ८ ते १० सेंटिमीटरच्या कापडी सुरळ्या, घरातल्या माणसांइतक्या, आणि दोन-तीन जास्तीच्या. पोलिसाचा गणवेश चढवला की ती बाहुली पोलीसच राहते. कोऱ्या सुरळीला मूल आज मामा करतं, उद्या दवाखान्यातली सिस्टर.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५१ साली वाचलेल्या आणि १९५३मध्ये छापलेल्या निबंधात मुलाच्या त्या एका लाडक्या दुपट्याला किंवा बाहुलीला सिद्धान्तात जागा दिली. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधली ही पहिली वस्तू. तिच्यावर हक्क मुलाचा. तिचे लाड होतात, तिला आपटलंही जातं, आणि तिने हे सगळं सोसून टिकायला हवं. तिच्यात बदल करायचा तर तो मुलाने. १९५८मध्ये हॅरी हार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. दूध तारेच्या बनावट 'आई'कडे असलं तरी पिल्लं बहुतेक वेळ कापड गुंडाळलेल्या 'आई'ला बिलगून राहत. ते प्रयोग क्रूर होते, पण स्पर्शाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष ठाम आहे.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरीला 'चांगली' म्हटलं. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. आपल्या बाजारातल्या गुलाबी-गोऱ्या बाहुल्या पाहिल्या की हा धडा इथेही लागू पडतो. मांजरपाटाला घरातल्या माणसांचा रंग देणं अवघड नाही. एक लिटर पाण्यात चार मोठे चमचे चहापूड उकळून गाळायची, अर्धा चमचा तुरटी विरघळवायची, ओलं कापड त्यात २० मिनिटं मंद आचेवर ठेवायचं आणि सतत हलवायचं. न हलवल्यास डाग पडतात. वाळल्यावर रंग बराच फिका होतो, म्हणून भांड्यात असताना तो हवा त्याहून गडद दिसला पाहिजे.

सांभाळण्याचा मुद्दा सगळ्यांत स्पष्टपणे पुढे आला तो २००६च्या लेबनॉन युद्धानंतर. इस्रायलमधल्या संशोधकांनी युद्धाचा ताण सोसलेल्या लहान मुलांना कापडी कुत्र्याचं पिल्लू दिलं. हे दुःखी आहे, याला तुझी गरज आहे, असं सांगितलं. ज्यांना पिल्लू मिळालं त्यांचा ताण इतरांपेक्षा अधिक कमी झाला, आणि जी मुलं पिल्लात जास्त गुंतली त्यांना जास्त फायदा झाला. म्हणूनच मुलाच्या हातात बाहुली देताना 'ही तुला शांत करेल' असं सांगण्यापेक्षा 'हिला अंधाराची भीती वाटते, तू बघशील का?' असं विचारलेलं बरं.

आता ३० सेंटिमीटरची साधी बाहुली. मांजरपाट किंवा जुनी सुती साडी, ५० बाय ६० सेंटिमीटर. नवं कापड आधी धुऊन घ्यावं, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि टाके ओढले जातात. कापड दुहेरी घालून डोकं, धड, हातपाय असा एकसलग आकार आखायचा. डोकं ८ सेंटिमीटर रुंद, मान ४ सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको. बारीक मान आखली की कापूस तिथून पुढे सरकत नाही आणि डोकं लोंबकळतं. आखलेल्या रेषेवर २ मिलिमीटरच्या टाक्यांनी दुहेरी शिवण, बाहेर १ सेंटिमीटर माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड), बाजूला भरण्यासाठी ६ सेंटिमीटर मोकळी जागा. काखेत, मानेशी आणि दोन पायांच्या मध्ये मायेला छोटे काप द्यावेत. ते विसरल्यास उलटवल्यावर सुरकुत्या पडतात.

भरायला १०० ते १२० ग्रॅम पिंजलेला कापूस किंवा गादीवाल्याकडे मिळणारा कृत्रिम रेशांचा कापूस. सावरीचा कापूस मऊ असला तरी शिवणीतून उडतो आणि नाकात जातो. पिंजलेला कापूस पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, म्हणून कोकण-गोव्यात कृत्रिम बरा. चिमटीत मावेल एवढेच पुंजके घेऊन आधी हातपायांची टोकं भरायची. मोठे गोळे कोंबले तर गाठी हाताला लागतात. मानेत कापडाची १० सेंटिमीटरची घट्ट सुरळी ठेवावी. काडी किंवा तार कधीच नको.

चेहऱ्यावर दोन डोळे आणि ओठांची आखूड सरळ रेघ, दोऱ्याने भरलेली. डोळे डोक्याच्या मध्यावर किंवा किंचित खाली. रुंद हसू शिवलं की बाहुलीला रडता येत नाही, आणि रडणारी बाहुलीच मुलाला अनेकदा हवी असते. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ शाळांच्या परंपरेतल्या बाहुल्यांचे चेहरे याच कारणासाठी जेमतेम असतात.

भारतात १ जानेवारी २०२१पासून विक्रीच्या खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणन लागतं. घरच्या मुलासाठी केलेल्या बाहुलीला ते लागू नाही, पण त्यामागचे नियम पाळायलाच हवेत. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटणाचे डोळे, मणी, टिकल्या नकोत. ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जाईल असा कुठलाही सुटा भाग घशात अडकू शकतो. एक वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना जवळ मऊ बाहुली ठेवू नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो.

धुण्यावरून घरोघरी रडारड होते, कारण वास बदलला की मुलाच्या दृष्टीने बाहुली बदलते. एकाच कापडातून सुरुवातीलाच दोन बाहुल्या शिवून आलटून पालटून दिल्या तर दोघींना सारखाच वास आणि झीज येते. नुसता झगा काढता येईल असा शिवला तर अंग क्वचितच धुवावं लागतं. फाटलेली बाहुली मुलाच्या समोर बसून शिवावी आणि ठिगळाचं कापड त्याला निवडू द्यावं. हरवलीच तर नवी आणून 'ही तीच' असं सांगू नये. मूल ते ओळखतं, आणि मग हरवलेलीबद्दल बोलायला त्याच्याजवळ कोणी उरत नाही.