छातीवर कोण बसतं?

वाळवा, पलूस किंवा कराडकडच्या कुठल्याही गावात विचारा, छातीवर भूत बसल्याची गोष्ट सांगणारं कुणीतरी भेटतंच. पहाटे जाग येते. आढं दिसतं, शेजारी झोपलेल्यांचं घोरणं ऐकू येतं, पण बोटसुद्धा हलत नाही. ओरडावं तर आवाज फुटत नाही. खोलीत कुणीतरी उभं आहे अशी खात्री वाटते आणि छातीवर दाब येतो. थोड्या वेळाने सगळं आपोआप सुटतं. सकाळी घरातली थोरली माणसं म्हणतात, मुंजा बसला, बाहेरचं काहीतरी आहे, देवरुषाकडे जाऊन या.

सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो आणि त्याचं डोकंही फिरलेलं नसतं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. 2011 साली अनेक देशांतली पाहणी एकत्र करून काढलेला आकडा असा: सर्वसामान्य लोकांपैकी सुमारे 8 टक्के आणि विद्यार्थ्यांपैकी तब्बल 28 टक्के जणांना आयुष्यात निदान एकदा हा अनुभव आलेला असतो.

झोपेत ठरावीक वेळाने एक टप्पा येतो. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये तो जगापुढे मांडला. त्याचं नाव रेम झोप. या टप्प्यात मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो. स्वप्नात आपण पळतो, भांडतो, विहिरीत उडी घेतो. ते हुकूम खरोखर स्नायूंपर्यंत गेले तर अंथरुणात काय होईल? फ्रान्समधल्या मिशेल जुवे यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला एक छोटा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरं गाढ रेम झोपेत उठून नसलेल्या सावजावर झडप घालू लागली. म्हणजे रोज रात्री आपल्याला जखडून ठेवणारी यंत्रणा त्या देठात आहे.

ती चालते कशी, हे मला या विषयातलं सर्वांत देखणं प्रकरण वाटतं. देठातल्या पॉन्स नावाच्या भागातल्या पेशी त्याखालच्या मेड्युला या भागातल्या पेशींना जागं करतात. तिथून मज्जारज्जूतल्या चालक चेतापेशींवर, म्हणजे स्नायूंना हलायचा हुकूम देणाऱ्या पेशींवर, ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं सोडली जातात. त्यामुळे पेशीत क्लोराइडचे आयन, म्हणजे ऋण विद्युतभार असलेले कण, शिरतात. एरवी साधारण उणे 70 मिलिव्होल्टवर असलेली पेशी आणखी ऋण होते आणि स्नायूला संदेश धाडण्याच्या उंबरठ्यापासून दूर जाते. टोरांटोच्या ब्रूक्स आणि पीव्हर यांनी 2012 मध्ये उंदरांवर दाखवलं की ग्लायसिनचे आणि गाबाचे दोन्ही प्रकारचे ग्राहक, म्हणजे पेशीवरच्या ही रसायनं झेलणाऱ्या जागा, एकाच वेळी अडवले, तरच ही जखडण सुटते. एखादा मार्ग बंद केला तर उरलेले काम चालू ठेवतात. वरून मेंदूने कितीही जोर लावला तरी डीपीवर फ्यूज काढलेली मोटर स्टार्टर दाबून उठत नाही, तसंच हे.

कधी कधी जाग आधी येते आणि ही जखडण सुटायची राहून जाते, तोच स्लीप पॅरालिसिस. जखडणीतून दोन गोष्टी सुटलेल्या असतात, डोळे आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा. म्हणून आढं दिसतं आणि श्वासही चालू राहतो. मात्र बरगड्यांमधले स्नायू सैल पडलेले असतात. घाबरलेला माणूस मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो, छाती फुगत नाही, आणि मेंदू अर्थ लावतो की वर कुणीतरी बसलंय. त्यातच रेम झोपेत भीतीचं केंद्र असलेला अमिग्डाला चेतलेला असतो आणि स्वप्नाची चित्रं उघड्या डोळ्यांपुढे सांडतात. आपल्याकडे मुंजा दिसतो, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लोकांना म्हातारी चेटकीण दिसते. शरीरातली घटना एकच, चेहरा ज्याच्या त्याच्या गावचा.

हे बहुधा झोपेची घडी मोडल्यावर होतं. जपानमध्ये 1992 साली निरोगी तरुणांना रात्री मुद्दाम उठवून पुन्हा झोपवलं, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना प्रयोगशाळेतच हा अनुभव आला. आता आपल्याकडचं पाहा. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की उसाला पाणी पाजायला मध्यरात्री उठावं लागतं. गळीत हंगामात कारखान्याच्या पाळ्या बदलतात. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटेपर्यंत अभ्यासिकेत बसतात. मुंजाला निमंत्रण देणारी कारणं इथे आहेत, पिंपळावर नाहीत.

देवरुषाच्या उताऱ्याने बरं वाटतं, कारण हा अनुभव मुळात अधूनमधूनच येतो आणि उतारा केला नसता तरी गेलाच असता. पण भीती वाढली की झोप उडते, झोप उडाली की अनुभव पुन्हा येतो. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण झाली तर तो 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्याखालीही गुन्हा आहे. हा कायदा व्हावा म्हणून साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले आणि त्यांच्या खुनानंतर तो झाला, याची आठवण निदान आपल्या भागात तरी राहायला हवी.

रोज एका वेळी झोपावं, उताणं न झोपता कुशीवर झोपावं. अनुभव आलाच तर सगळं अंग हलवायची धडपड न करता श्वास संथ चालू द्यावा आणि एखादं बोट हलवून पाहावं. वारंवार होत असेल, दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल किंवा खळखळून हसताना गुडघ्यातलं बळ जात असेल, तर तो नार्कोलेप्सी नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यासाठी मिरजेला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. त्यावर औषधं आहेत.