झडप हृदयाची, आकडा किडनीचा

आत्याच्या टू-डी इकोमध्ये महाधमनीची झडप फारच अरुंद झाल्याचं आलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी तो कागद वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, “क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठाय?” क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा; तो रक्तात साचला की किडनी मंदावल्याची शंका येते. बाहेर आल्यावर आत्या मला म्हणाली, “दुखणं काळजाचं, आन् हे किडनीत कशाला शिरल्यात?”

दोन्ही किडन्यांचं वजन मिळून जेमतेम 300 ग्रॅम. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला साधारण 180 लिटर पाणी त्या गाळतात आणि त्यातलं दीडेक लिटर सोडून बाकीचं परत रक्तात घेतात. एवढा मोठा वाटेकरी म्हटल्यावर हृदयाने हात आखडता घेतला की झळ लागणारच.

आत्याचं सासर शिरोळ तालुक्यातलं, ऊसवाल्यांचं, त्यामुळे पुढचं समजवायला सोपं गेलं. ऊस दोन तऱ्हेने जातो. एक, पाणीच पुरेसं पोचत नाही. दुसरं, पाणी रग्गड असतं, पण निचरा नसल्याने रान चिबड होतं. महाधमनीची झडप आवळली की पहिली तऱ्हा होते: मोटार जोर लावते, पण पाटाला पाणी कमी. हृदयातलीच मायट्रल किंवा ट्रायकस्पिड झडप बिघडली की रक्त मागे तुंबतं. पायांवर सूज येते, यकृत जड होतं आणि किडनीतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांतही दाब चढतो. किडनीभोवती घट्ट वेष्टण असतं, तिला फुगायला जागा नाही. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रक्ताच्या दाबात फरक असेल तरच गाळणं नीट चालतं; तो फरक कमी झाला की गाळणं मंदावतं. ही चिबडाची बाजू वैद्यकातही बराच काळ दुय्यम मानली गेली होती.

म्हणून झडपेच्या पेशंटचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधताना किडनी मध्ये येते. शस्त्रक्रियेचा धोका मोजणाऱ्या युरोस्कोर-2 मध्ये क्रिएटिनिन क्लिअरन्सला, म्हणजे किडनी ते किती वेगाने काढून टाकते याला, वेगळा रकाना आहे. ट्रायकस्पिडसाठीच्या ट्राय-स्कोरमध्ये ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाजे वेग, 30 च्या खाली असेल तर धोक्याचे गुण वाढतात. उलटंही खरं आहे: किडनी आधीच बिघडलेली असेल तर कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित विस्कटतं आणि झडपेवर चुना लवकर साचतो.

आता त्या क्रिएटिनिनबद्दल. ते मोजायची पिवळ्या पिक्रिक ॲसिडमधून नारिंगी रंग काढणारी युक्ती माक्स याफे यांनी 1886 मध्ये मांडली. आजही कित्येक लॅब तिचीच सुधारलेली आवृत्ती वापरतात. स्वस्त आहे, लगेच होते. मला मात्र या आकड्याचा नेहमी थोडा राग येतो, कारण क्रिएटिनिन मुळात स्नायूंतून येतं.

गंगावेशीच्या तालमीत मेहनत करणारा 25 वर्षांचा पैलवान घ्या आणि 76 वर्षांची आमची आत्या घ्या. दोघांचंही क्रिएटिनिन 1.1. रिपोर्टवर ठळक खूण नाही, म्हणजे सगळं ‘नॉर्मल’. पण वय आणि लिंग धरून ईजीएफआर काढायच्या 2021 च्या सूत्रात घातलं की पैलवानाचा ईजीएफआर 95 च्या आसपास येतो आणि आत्याचा 52. शिवाय सूत्राला पैलवानाच्या मांड्या दिसत नाहीत की आत्याची हडकुळी मनगटं. दुपारी मटणाचं ताट हाणून संध्याकाळी रक्त दिलं तरी आकडा काही तास चढलेला दिसतो, कारण शिजलेल्या मटणातही क्रिएटिनिन असतं.

हृदयाच्या पेशंटमध्ये घोळ आणखी वाढतो. झडपेच्या आजाराने माणूस झडतो, स्नायू जातात, क्रिएटिनिन कमी बनतं आणि कागदावर किडनी सुधारल्यासारखी दिसते. आत्याचं वर्षभरात सहा किलो वजन उतरलं होतं, म्हणून डॉक्टरांनी सिस्टॅटिन सीची रक्तचाचणी करायला सांगितली. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंचा भरवसा धरावा लागत नाही. थायरॉइडचा त्रास किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर तेही फसवतं, पण आत्याला दोन्ही नव्हतं. दोन्ही चाचण्या मिळून आकडा आला 41.

52 ऐवजी 41 आल्याने झडप बदलायचं रद्द झालं नाही. उलट, रक्त नीट पोचायला लागलं की काही जणांची किडनी सावरते, त्यामुळे उगाच थांबण्यातही तोटा असतो. बदललं ते तयारीचं. मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवायची, म्हणजे टावी करायची, तर आधी सीटी स्कॅनला डाय, म्हणजे रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, लागतो आणि बसवतानाही. तो कमजोर किडनीला जड जाऊ शकतो. त्याचं प्रमाण शक्य तितकं कमी ठेवायचं आणि दोन्हींमध्ये काही दिवस जाऊ द्यायचे असं ठरलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, “आणखी कुठल्या गोळ्या घेता?” आत्याने पिशवीतून गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून आणलेली पाकिटं काढली. वेदनाशामक, दिवसाला दोन, तीन वर्षं. या गोळ्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आवळतात.

“ह्या तर साध्या हायत,” आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी तिन्ही पाकिटं टेबलाच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला.