वाबनाकी जमाती आणि १९८०चा समझोता: ‘अंतर्गत बाबी’ कशाला म्हणायचे?

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात वाबनाकी जमातींचे (पासमाक्वॉडी, पेनॉबस्कॉट, मिकमॅक आदींचे) नेते आज स्वशासनाची जी मागणी मांडत आहेत, तिचे मूळ जमिनींवरील दाव्यांबाबत झालेल्या १९८०च्या समझोत्यात आहे. १७९०च्या कायद्याने केंद्राच्या संमतीशिवाय मूळनिवासींची जमीन घेण्यास मनाई केली होती. तरीही मेन तेव्हा ज्याचा भाग होते, त्या मॅसॅच्युसेट्सने १७९४ मध्ये पासमाक्वॉडींशी आणि १७९६ मध्ये पेनॉबस्कॉटांशी तशा संमतीविनाच करार केले. १८२० मध्ये मेन वेगळे राज्य झाले, तेव्हा त्या जमिनींबरोबर हा दोषही त्याच्या पदरी पडला. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने १७९०चा कायदा पासमाक्वॉडींनाही लागू असल्याचे ठरवले आणि राज्याच्या जवळपास दोन तृतीयांश भूभागावरील, सुमारे सव्वा कोटी एकरांच्या दाव्याकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाले. जमिनींच्या मालकीवरच प्रश्नचिन्ह लागल्याने गावांना कर्जरोखे विकणेही जड जाऊ लागले.

या पेचातून समझोता झाला. ८ कोटी १५ लाख डॉलरच्या बदल्यात दावे संपुष्टात आले. मिकमॅक मात्र त्याबाहेर राहिले आणि त्यांच्यासाठी वेगळा कायदा व्हायला १९९१ उजाडले. पैशांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण खरा वाद शब्दांचा आहे. राज्याच्या पूरक कायद्याने पासमाक्वॉडी आणि पेनॉबस्कॉट यांना नगरपालिकेसारखे अधिकार दिले आणि नगरपालिकेसारखीच बंधनेही घातली. राज्याच्या नियंत्रणाबाहेर ठेवल्या त्या केवळ ‘जमातीच्या अंतर्गत बाबी’. सदस्यत्व, वस्तीचा हक्क, शासनरचना, निवडणुका, निधीच्या उत्पन्नाचा विनियोग अशी नावे कायद्यात आहेत. मात्र ही यादी नमुन्यादाखल आहे, की त्यापलीकडचे सारे राज्याच्या अखत्यारीत जाते? जमातींनी पहिला अर्थ घेतला, राज्याने दुसऱ्याकडे झुकणारा. पेनॉबस्कॉटांचा बिंगोचा खेळ ही अंतर्गत बाब नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच दिला. ज्या राष्ट्रांशी करार करावे लागले, त्यांना नगरपालिकेच्या मापाने मोजणे मुळातच गैर होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरे कलम त्याहून जाचक ठरले. मूळनिवासींच्या हितासाठी १० ऑक्टोबर १९८० नंतर झालेला केंद्रीय कायदा राज्याच्या अधिकारक्षेत्राला बाधक ठरत असेल, तर मेनचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज तो येथे लागू होत नाही. देशातील इतर जमातींना मिळालेले अनेक लाभ त्यामुळे येथे पोचले नाहीत. सिपायिक या पासमाक्वॉडी वस्तीत वर्षानुवर्षे नळाला तपकिरी पाणी येत होते आणि पिण्यासाठी माणसे कॅन घेऊन दूरच्या झऱ्यावर जात होती. पाण्यासाठी स्वतःचा मार्ग काढण्याच्या प्रयत्नांतही समझोत्याच्या अटी आड येत राहिल्या. २०२२ मध्ये खास कायदा करावा लागला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

विधिमंडळाने नेमलेल्या कार्यगटाने जानेवारी २०२० मध्ये समझोत्यात बदल करण्यासाठी २२ शिफारशी केल्या, परंतु सर्वंकष सुधारणेचे विधेयक २०२२ मध्ये मंजुरीपर्यंत पोचले नाही. २०२३ मध्ये केंद्रीय लाभ लागू करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले; राज्यपालांनी नकाराधिकार वापरला आणि तो निष्प्रभ करण्याइतकी मते जुळली नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी आणखी एका प्रश्नावर कौल दिला. जमातींशी झालेल्या करारांची जबाबदारी मेनवर टाकणारे राज्यघटनेतील कलम १८७६ पासून छापील प्रतींतून वगळलेले होते, मात्र कायद्याने अंमलात होते. ते पुन्हा छापले जावे, असा बहुमताचा निर्णय झाला.